पावणेनऊचं रीडिंग

मी जळगावातल्या एका हार्ट हॉस्पिटलात लोकांना फोनवरून रागवायचं काम करते. ओळखपत्रावर त्याला 'हेल्थ कोच' असं लिहिलंय. खाली माझं नाव, नाजमीन. ज्यांची अँजिओप्लास्टी झालीय त्यांना आमचं हॉस्पिटल मोबाइलवर एक ॲप आणि सोबत बीपीचं मशीन देतं. पट्टा दंडाला बांधून बटण दाबलं की रीडिंग मशीनमध्ये साठतं, आणि घरातला मोबाइल मशीनजवळ आला की ते आपोआप आमच्या स्क्रीनवर येऊन पडतं. दिवसभरात किती पावलं चालले, गोळी घेतली का, तंबाखू सुटली का, सगळं माझ्यासमोर. माझ्या वाट्याला असे एकशे चाळीस पेशंट आहेत आणि एका पापडानं काय होतं, असं त्या एकशे चाळीस जणांनाही वाटतं.

भाईदासआबा मात्र गुणी पेशंट. वय साठ, हृदयात दोन स्टेंट, गाव एरंडोलच्या पुढे पद्मालयाच्या रस्त्याला. दिवाळीनंतर घरी सोडलं तेव्हा मशीन मीच त्यांच्या हातात ठेवलं होतं. बायको भिकुबाई आणि सून दिपमाला शेजारी उभ्या होत्या. मुलगा प्रेमराज सुरतला कामाला. मी नेहमीचं भाषण केलं. रोज सकाळी पट्टा बांधायचा, बरं वाटेल. अळणी जेवायचं. चालायचं. आणि शेवटी नेहमीचा दम भरला, "हे मशीन फक्त आबांसाठी आहे. दुसऱ्या कोणाला लावलेलं कळलं तर परत घेऊन जाऊ." परतबिरत कोणी नेत नाही. मी आपली धाक म्हणून बोलते.

आबांनी सगळं पाळलं. बिडी सुटली, रोज चार हजार पावलं होऊ लागली. तरी तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या नावापुढे लाल ठिपका आला. आठवड्याची सरासरी वाढली होती. आमचे हितेंद्र सर दिवसाला साठ पेशंट बघतात, ते सरासरी बघतात आणि पुढे जातात. त्यांनी गोळी वाढवली आणि मी फोन करून ती आबांना सांगितली. पाचव्या आठवड्यात पुन्हा लाल. पुन्हा गोळी वाढली, पुन्हा मीच फोन केला. वर दोन शब्द ऐकवले, "आबा, लोणचं चालू आहे ना लपूनछपून? मला सगळं दिसतं इकडे." बिचारे म्हणाले, "नही वो ताई. भिकु माले मीठ देखू भी देत नही."

त्यानंतर चार दिवसांनी, शनिवारी दुपारी, दिपमालाचा फोन आला. सकाळी न्हाणीतून निघताना आबांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंतीला धरलं म्हणून पडले नाहीत. बीपी वाढलेल्या माणसाला असं होत नाही. असं होतं बीपी उतरलेल्याला. मी पहिल्यांदा सरासरी सोडून त्यांचं एकेक रीडिंग उघडलं, आणि मला माझीच लाज वाटली, कारण हे मी महिन्यापूर्वी करायला हवं होतं.

रोजची सात-आठ रीडिंगं होती. मी सांगितलं होतं एक. साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान ती ओळीनं यायची, एकशे वीस, एकशे चौतीस, एकशे अठरा, अशी. मग अर्धा तास काही नाही. आणि मग पावणेनऊच्या सुमाराला एकच, शेवटचं. पहिल्या आठवड्यात ते एकशे सत्तर होतं. नंतर एकशे ब्याऐंशी. नंतर एकशे चौऱ्याण्णव. आज सकाळी साडेसातला अठ्ठ्याण्णव आणि पावणेनऊला दोनशे सहा. खालचा आकडा एकशे अठरा.

एका माणसाचा बीपी सव्वा तासात अठ्ठ्याण्णववरून दोनशे सहावर जात नाही, आणि गेलाच तर तो रोज त्याच वेळेला जात नाही. अठ्ठ्याण्णव आबांचं होतं. त्या घरात रोज पावणेनऊला दुसरंच कोणीतरी पट्टा बांधत होतं, त्याचा बीपी दर आठवड्याला चढत होता आणि त्याला एक गोळीसुद्धा कोणी देत नव्हतं. मी तसाच फोन लावला.

"आबा, मशीन अजून कोण वापरतं?"

"कोणीच नही."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"कोणीच नही ताई. मशीन ते कपाटमा ऱ्हास."

असला राग आला मला! चांगला सरळ माणूस, माझ्या एका पोकळ धमकीपायी खोटं बोलत होता. मी दिपमालाला फोन द्यायला सांगितलं. ती म्हणाली, कोणीच नाही. मी म्हणाले, कोणाच्या तरी जिवावरचं आहे. ती म्हणाली, "ताई, मशीन नेऊ नका. आबांचं कसं होईल?" आणि फोन ठेवला.

हितेंद्र सरांना दाखवलं. ते माझ्यापेक्षा शांत माणूस आहेत. म्हणाले, "मशीन बिघडलंय. आबांची वाढवलेली गोळी आजपासून बंद. सोमवारी बोलाव त्यांना, मशीन बदलून दे." गोळीचं तेवढं मी लगेच कळवलं. पण मशीन बिघडलं असतं तर दिवसभर बिघडलेलं राहिलं असतं. पावणेनऊची वेळ गाठून कुठलं मशीन बिघडतं? मी हे सरांना म्हणाले. ते म्हणाले, "मग उद्या सुट्टी आहे तुला, जा बघून ये."

चेष्टेत म्हणाले असतील. मी गेले. नशिराबादहून अब्बांनी पहाटे फजरच्या नमाजानंतर मोटरसायकलवर जळगावच्या स्टँडपर्यंत सोडलं. डिसेंबरची थंडी, रस्त्यावर धुकं. ते वाटेत एकदाच बोलले, "बेटा, सोमवारी ते येणारच होते ना?" मी म्हणाले, "जो येणार आहे त्याचं नाही अब्बा. दुसरंच कोणीतरी आहे." एरंडोलला उतरले, पुढे रिक्षा केली. दोन्ही बाजूंनी कापसाची शेतं, वेचणी चाललेली. रस्ताभर मी मनात एकच हिशोब करत होते. एकशे चौऱ्याण्णवनंतर दोनशे सहा. आज किती असेल?

आबांचं घर गल्लीच्या तोंडाशी. मी पोचले तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती, आणि ओट्यावर जत्रा भरली होती. पाच-सहा माणसं उन्हाला बसलेली, मधे दिपमाला मांडीवर मोबाइल घेऊन, आणि पट्टा एका दंडावरून दुसऱ्या दंडावर. गावात एखाद्याकडे पेपर येतो आणि सगळी गल्ली तो वाचून काढते, तसंच चाललं होतं. "मन्हं कितलं ऊनं?" माझं किती आलं, असं कोणीतरी विचारत होतं. मला बघताच पट्टा गोधडीखाली गेला. माणसं इतकी साळसूद होऊन उन्हाकडे बघू लागली, की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते.

"लपवू नका," मी म्हणाले. "मशीन मी नेणार नाही. आईची शपथ. मला फक्त सगळ्यांचं रीडिंग बघायचंय."

आबा खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "बठ्ठा लोके येतस ताई. नही कसं म्हनानं? मी मरता मरता वाचनू, हाई गल्लीनीच दवाखानामा नेलं ना माले." खरोखरच भटूभाऊंच्या गाडीनं त्यांना वेळेत आणलं होतं आणि तेच भटूभाऊ समोर बाही वर करून बसले होते.

मी एकेकाला पट्टा बांधला. भटूभाऊ एकशे बत्तीस. रुपचंदनाना एकशे अठ्ठावन्न, त्यांना मी तिथल्या तिथे तारीख दिली. शेजारच्या दोघी जावा एकशे वीसच्या आत. दिपमाला एकशे दहा. आबा एकशे चार. माणसं संपली. दोनशेच्या आसपास कोणीच नव्हतं. मी पुन्हा विचारलं, "रोज एवढेच येता? आज कोण आलं नाही?"

"एवढेच," दिपमाला म्हणाली. "दोनशे तर ताई मी कधी बघितलंच नाही. मी वाचून सांगते ना सगळ्यांचं."

"आणि नंतर?"

"नंतर मशीन कोनाड्यात ठेवते आणि मोबाइल घेऊन वेचणीला जाते. सव्वाआठला."

म्हणजे जो कोणी पट्टा बांधत होता तो दिपमाला गेल्यावर बांधत होता. रीडिंग मशीनमध्ये पडून राहायचं आणि दुपारी मोबाइल घरी आला की माझ्याकडे यायचं. आकडा त्या घरात कोणी वाचतच नव्हतं. ओट्यावरची माणसं उठून गेली. मी दिपमालाला आज शेतात जाऊ नको म्हणाले, मशीन आतल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवायला लावलं आणि तिथेच बसून राहिले. घड्याळात साडेआठ झाले होते. भीती वाटत होती, उगाच कशाला खोटं सांगू. त्या घरात जे कोणी होतं ते मला आतापर्यंत दिसायला हवं होतं, असं सारखं वाटत होतं.

भिकुबाईंनी चहा आणून दिला. मी आल्यापासून त्या चुलीपाशी आणि अंगणात ये-जा करत होत्या. पहाटे उठून पाणी, झाडलोट, गुरांचं, आबांची अळणी भाजी वेगळी, बाकीच्यांची वेगळी. कपाळाला पट्टीसारखा एक फडका घट्ट बांधलेला. मी चहा घेतला, "बसा ना अक्का" म्हणाले, त्या हसल्या आणि परत चुलीकडे गेल्या.

पावणेनऊला त्या पदराला हात पुसत आल्या. कोनाड्यातलं मशीन उचललं, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि सराईत हातानं पट्टा दंडाला गुंडाळला. बटण दाबलं. पट्टा फुगत गेला तसे त्यांनी डोळे मिटले. मशीनच्या काचेकडे त्यांनी बघितलंही नाही. मी बघितलं. दोनशे चौदा. खाली एकशे चोवीस.

"अक्का," मी म्हणाले. "तुम्ही हे रोज का बांधता?"

"डोकं दुखस ना," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "हाई मशीन हात दाबस, मंग हलकं वाटस. डोकाले फडकं बांधतस ना, तसंच शे. तुम्हीच ते सांगेल शे ताई, रोज बांधा, बरं वाटी."

मी सांगितलं होतं. एकशे चाळीस जणांना तेच सांगते. मशीन मोजतं, बरं करत नाही, हे सांगायचं मला कधी सुचलं नव्हतं. ते मला इतकं उघड वाटत होतं. ही बाई महिनाभर त्याला औषध समजून दंडाला बांधत होती, आणि दुखणं वाढलं तरी श्रद्धेनं बांधत होती.

मी आबांना हाक मारली. आकडा दाखवला. म्हणाले, "तिले काय व्हयनं? ती ते पहाटपाईन कामले लागस. तिनं कधी दवाखाना देखेल नही." मी म्हणाले, आत्ता निघायचं, जळगावला, या मिनिटाला. भिकुबाईंनी पट्टा सोडला, नीट गुंडाळला, मशीन कोनाड्यात ठेवलं. "मी काय पेशंट शे का?" म्हणाल्या. "यास्नी भाकर बाकी शे. दहा वाजता यास्नी गोळी ऱ्हास, पोटमा काहीतरी जावाले पाहिजे." आणि त्या चुलीकडे गेल्या.

इथे मी चुकले. मी त्यांना धरून बसवायला हवं होतं. पण आबा म्हणत होते, मुलाला फोन करून विचारू. दिपमाला म्हणत होती, मी टाकते भाकरी, तर भिकुबाई तिला परातीला हात लावू देत नव्हत्या. मी सगळ्यांशी एकदम भांडत होते, सरांना फोन लावत होते, रविवारी ते फोन उचलत नव्हते. भटूभाऊंना गाडी काढायला सांगून मी परत आत आले, तोवर पंधरा मिनिटं गेली होती.

भिकुबाई भाकरी थापत होत्या. एकाच हातानं. डावा हात पिठावर पडत होता, उठत होता, आणि उजवा हात परातीच्या काठाशी तसाच पडून होता, पिठानं माखलेला. त्यांना ते कळलेलंच नव्हतं. भाकरी एका बाजूनं पसरत चालली होती आणि त्या तिच्याकडे बघत होत्या, ही अशी का होतेय म्हणून. "अक्का," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी उत्तर दिलं. त्यात शब्द नव्हते. तोंडाची एक बाजू खाली आली होती.

दिपमाला ओरडली. मी आणि भटूभाऊंनी त्यांना उचलून गाडीत घातलं. आबा अनवाणीच गाडीत चढले. जळगावपर्यंत ते भिकुबाईंचा पिठाचा हात पुसत होते आणि सारखं म्हणत होते, "भिकु, माले सांगानं नही का? भिकु, माले सांगानं नही का?" मी पुढच्या सीटवर बसून रडत होते. मला रडायचा हक्क नव्हता, तरी रडू थांबत नव्हतं.

आमच्याकडे मेंदूचं काही नाही, म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं डोळ्यांत बॅटरी मारली, हात-पाय उचलून सोडले, स्कॅनला पाठवायची घाई केली आणि लिहायला कागद ओढला. नवऱ्याला विचारलं, "यांना बीपी किती दिवसांपासून?"

"तिले बीपी नही शे," आबा म्हणाले.

"कधी तपासलंय का?"

"कधीच नही."

"तपासलंय," मी म्हणाले. मी मोबाइल काढला, आबांची फाइल उघडली आणि पावणेनऊची रीडिंगं एकेक करून तिला वाचून दाखवली. तारखेसकट. अडतीस होती. एकशे सत्तरपासून दोनशे चौदापर्यंत. ती लिहिता लिहिता थांबली आणि माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं.

"म्हणजे सव्वा महिना तुमच्याकडे हे सगळं येत होतं?"

"हो."

"आणि तरी औषध सुरू केलं नाही?"

"केलं होतं," मी म्हणाले. "दोनदा वाढवलंसुद्धा."

"मग कुठाय? कुठली गोळी चालू आहे?"

आबा भिंतीशी बाकावर बसले होते, दोन्ही हातांनी बाक धरून, कारण उठलं की त्यांना अजून चक्कर येत होती. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"ती गोळी यांना दिली," मी म्हणाले.